विश्लेषण : केवळ घर पुरेसे का नाही? मनोरुग्णालयातून बाहेर पडणाऱ्यांसाठी सेवांचा आराखडा कसा असावा?

प्रकृती स्थिर आहे, डॉक्टरांनी ‘घरी सोडण्यास योग्य’ असा शेराही दिला आहे. पण न्यायला कुणी येत नाही. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी या राज्यातील चारही प्रादेशिक मनोरुग्णालयांना हा प्रश्न नवा नाही. कुटुंबाचा पत्ता लागत नाही, लागलाच तर नातेवाईक हात झटकतात आणि रुग्णाचा मुक्काम वर्षानुवर्षे लांबतो. अशा व्यक्तींसाठी ‘सपोर्टिव्ह हाउसिंग’ म्हणजे सेवांची जोड असलेले घर, हा पर्याय जगात अनेक ठिकाणी वापरला जातो. मात्र तो टिकणार की फसणार, हे घराभोवती आखलेल्या सेवांवर ठरते.

सपोर्टिव्ह हाउसिंग म्हणजे नेमके काय?

हा रात्रनिवारा नाही आणि छोटे रुग्णालयही नाही. नेहमीच्या वस्तीतले भाड्याचे घर, त्यात एकटी किंवा मोजक्या सोबत्यांसह राहणारी व्यक्ती आणि गरजेनुसार तिच्यापर्यंत पोहोचणारी मदत असे याचे स्वरूप असते. औषधोपचार, घरखर्चाचे नियोजन, सरकारी कागदपत्रे, रोजगार, शेजाऱ्यांशी संबंध असे सगळे या मदतीत येते. अर्धमार्गगृहात ठरावीक काळच राहता येते. इथे तशी मुदत नसते.

ही संकल्पना कुठून आली?

बेघर मनोरुग्णाने आधी उपचार घ्यावेत, व्यसन सोडावे, मग त्याला घर मिळेल, अशी पायरी-पायरीची पद्धत अमेरिकेत रूढ होती. मानसशास्त्रज्ञ सॅम त्सेम्बेरिस यांनी १९९२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये ‘पाथवेज टू हाउसिंग’ ही संस्था सुरू करून हा क्रम उलटा केला. आधी घर, मग व्यक्तीच्या इच्छेने सेवा. हीच पद्धत पुढे ‘हाउसिंग फर्स्ट’ म्हणून ओळखली गेली.

कॅनडाने २००९ ते २०१३ या काळात व्हँकुव्हर, विनिपेग, टोरोंटो, मॉन्ट्रियल आणि माँक्टन या पाच शहरांत तिची मोठी चाचणी घेतली. अभ्यासाच्या शेवटच्या सहा महिन्यांत ‘हाउसिंग फर्स्ट’ गटातील ६२ टक्के लोक पूर्ण काळ घरात टिकून होते. नेहमीच्या सेवा मिळणाऱ्या गटात हे प्रमाण ३१ टक्के होते. या प्रयोगात घराबरोबर सेवांचेही माप ठरवलेले होते. तीव्र गरज असलेल्यांसाठी डॉक्टर, परिचारिका आणि समाजकार्यकर्ते यांचे पथक होते आणि त्यात साधारण दहा व्यक्तींमागे एक कर्मचारी असे. मध्यम गरज असलेल्यांना एकच कार्यकर्ता भेटत असे. आठवड्यातून किमान एक भेट घेणे आणि उत्पन्नाच्या साधारण ३० टक्के रक्कम भाड्यासाठी देणे, एवढ्या अटी रहिवाशांवर होत्या. उपचार घेण्याची सक्ती नव्हती.

सेवांचा आराखडा कसा तयार होतो?

सुरुवात निदानापासून करण्याऐवजी ‘तुम्हाला कसे राहायचे आहे?’ या प्रश्नाने करावी लागते. कुणाला मुलीला भेटायचे असते, कुणाला स्वतःच्या हातची भाकरी खायची असते, तर कुणाला फक्त दाराला आतून कडी हवी असते. या इच्छांवरून छोटी उद्दिष्टे ठरतात. कोणते काम कोण करणार आणि कधीपर्यंत, हे लिहून काढले जाते. ‘आर्थिक स्वावलंबन’ असे लिहिल्याने काही साधत नाही. ‘पुढच्या सोमवारी कार्यकर्तीसोबत बँकेत जाऊन खाते उघडणे’ असे लिहिले तर काम पुढे सरकते.

दीर्घकाळ संस्थेत राहिलेल्या माणसाला अगदी साध्या गोष्टी पुन्हा शिकाव्या लागतात. गॅस पेटवणे, किल्ली सांभाळणे, मोबाइल वापरणे, एकट्याने रस्ता ओलांडणे. २०१६ च्या नोटाबंदीपूर्वी दाखल झालेल्याच्या ओळखीच्या पाचशे-हजाराच्या नोटाही आता चालत नाहीत. म्हणून पहिल्या काही आठवड्यांत मदत रोजची आणि पुढे हळूहळू कमी, अशी आखणी केली जाते.

आराखड्यात संकटकाळाचीही तरतूद लागते. झोप उडणे, जेवण टाळणे अशी त्या व्यक्तीची पूर्वलक्षणे कोणती, अशा वेळी कुणाला फोन करायचा, कोणते औषध तिला नको आहे, हे ती बरी असतानाच ठरवलेले बरे. रुग्णालयात जावे लागलेच, तर परतण्यासाठी घर राखून ठेवले जाते. ठरावीक काळाने सगळ्याचा फेरआढावा होतो.

भारतात असे प्रयोग आहेत का?

चेन्नईतील ‘द बॅनियन’ या संस्थेने २०१५ मध्ये ‘होम अगेन’ हा उपक्रम सुरू केला. चार-पाच जण वस्तीतल्या भाड्याच्या घरात कुटुंबासारखे राहतात. स्वयंपाक, बाजारहाट, सणवार सगळे तेच ठरवतात. मदतीला वैयक्तिक साहाय्यक असतात. हे बहुधा स्थानिक रहिवासी असतात आणि त्यांना प्रशिक्षण दिले जाते. ज्यांना जास्त गरज आहे त्यांच्यासोबत साहाय्यक राहतात, इतरांकडे फेरी मारतात. तमिळनाडूनंतर हा उपक्रम केरळ, आसाम आणि महाराष्ट्रात रत्नागिरी येथेही पोहोचला. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मधील मार्गदर्शिकेत त्याची नोंद चांगल्या पद्धतींत केली आहे.

कायदा काय सांगतो?

मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ मधील कलम १९ नुसार, कुटुंब नाही, कुटुंब स्वीकारत नाही, घर नाही किंवा समाजात सुविधा नाहीत, एवढ्याच कारणासाठी कुणालाही रुग्णालयात ठेवता येत नाही. कलम ९८ रुग्णाला सोडतानाच्या नियोजनाविषयी आहे. पुढील उपचार व सेवा कशा मिळतील, याचा आराखडा रुग्णाशी सल्लामसलत करून तयार व्हावा, ही जबाबदारी मनोविकारतज्ज्ञावर टाकलेली आहे. पूर्वनिर्देश लिहिण्याचा आणि प्रतिनिधी नेमण्याचा अधिकारही कायद्यात आहे.

तरीही नियोजनाशिवाय केवळ छप्पर बदलल्याचे प्रकार घडले. महाराष्ट्रात मनोरुग्णालयांतील व्यक्तींना भिक्षेकरीगृहे आणि वृद्धाश्रमांत हलवले जात असल्याची बाब समोर आल्यावर, सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२१ मध्ये हे स्थलांतर तातडीने थांबवण्याचे निर्देश दिले होते.

मग अडते कुठे?

पहिला अडथळा कागदांचा. आधार, शिधापत्रिका, बँक खाते आणि दिव्यांगत्व प्रमाणपत्र यांची साखळी एकमेकांत गुंतलेली असते आणि सुरुवात पत्त्याच्या पुराव्यापासून होते. संजय गांधी निराधार अनुदान योजनेसारखा लाभही कागदांशिवाय मिळत नाही. त्यामुळे कागदपत्रांचे काम रुग्णालयात असतानाच सुरू व्हायला हवे. दुसरा अडथळा घरमालक आणि शेजाऱ्यांच्या भीतीचा. तक्रार आली तर उत्तर देणारा ठरलेला माणूस असेल तर ही भीती ओसरते. तिसरा पैशांचा. इमारत एकदा बांधता येते, पण साहाय्यकाचा पगार दर महिन्याला द्यावा लागतो. तो अंदाजपत्रकात नसेल तर आराखडा कागदावरच राहतो.

चौथा अडथळा सहज दिसत नाही. उठायचे कधी, खायचे काय, बाहेर जायचे की नाही, हे सगळे साहाय्यकच ठरवू लागले, तर भाड्याच्या घरातही रुग्णालयाचाच वॉर्ड तयार होतो. म्हणून आराखड्याच्या प्रत्येक फेरआढाव्यात एक प्रश्न विचारावा लागतो. गेल्या वेळेपेक्षा आता किती निर्णय रहिवासी स्वतः घेत आहे?