उन्हाळ्यातील घरांच्या आगी : चुलीची वेळ आणि गंजीची जागा

एप्रिल 2016 मध्ये बिहार शासनाने ग्रामीण भागासाठी एक अनोखी सूचना प्रसृत केली. सकाळी 9 ते सायंकाळी 6 या वेळेत चूल पेटवू नये, होमहवनही करू नये, असे त्यात म्हटले होते. शहरी वाचकांना ती विचित्र वाटली. दिवसभर चूल बंद ठेवायची म्हणजे काय, असा प्रश्न विचारला गेला. परंतु चैत्र-वैशाखात गंगेच्या मैदानी प्रदेशात पश्चिमेकडून ‘पछुवा’ नावाचा कोरडा, वेगवान वारा वाहतो. गव्हाची काढणी त्याच सुमारास होते, अंगणात पेंढा व भुसा पडलेला असतो आणि फुसाच्या छपराची घरे एकमेकांना खेटून उभी असतात. अशा वेळी एका चुलीतील ठिणगी अख्खी वस्ती बेचिराख करू शकते. सूचनेमागील शास्त्र पक्के होते.

पेंढा, गवत, कापूस, पाचट यांसारख्या बारीक वस्तूंमधील ओलावा भोवतालच्या हवेनुसार सतत बदलतो. जाड लाकूड वाळण्यास दिवस वा महिने लागतात. सुट्या काडीला एखादा तास पुरतो. पहाटे हवेत दमटपणा असल्याने काडी चटकन पेट घेत नाही. दुपारी पारा 42 अंशांपुढे गेला की हवेतील सापेक्ष आर्द्रता अनेकदा 20 टक्क्यांखाली उतरते आणि तीच काडी ठिणगीच्या स्पर्शाने भडकते. त्यात वारा ज्वाळेला आडवे करतो व पेटते कण पुढील छपरावर नेऊन टाकतो. म्हणजे धोका दिवसभर सारखा नसतो. दुपारी बारा ते चारचा काळ सर्वांत वाईट, आणि स्वयंपाक, बांध पेटविणे, वेल्डिंग ही कामे या काळाबाहेर नेणे हा बिनखर्चाचा उपाय आहे. विदर्भ, मराठवाडा, पश्चिम राजस्थान किंवा बुंदेलखंड येथेही हे तत्त्व तसेच लागू पडते.

चूल विझली म्हणजे आग संपली, ही समजूत मात्र घातक ठरते. राख उष्णतारोधक असल्याने तिच्या पोटात निखारा कित्येक तास जिवंत राहतो. ही राख बहुधा उकिरड्यावर जाते. वाळलेल्या शेणकचऱ्यात निखारा धुमसत राहतो आणि दुपारी वारा सुटल्यावर, घरात कोणी नसताना, पेट घेतो. घरापासून दूर एक खड्डा खणून राख त्यात टाकावी व तिच्यावर पाणी ओतून काडीने ढवळावी. नुसते पाणी शिंपडून भागत नाही.

दुसरा प्रश्न गंजीचा. कडब्याची गंज सोयीसाठी गोठ्याला चिकटून रचली जाते आणि गोठा घराला चिकटलेला असतो. आगीला यापेक्षा सोपी वाट कोणती? गंज घर व गोठ्यापासून किमान 60 फूट दूर असावी. उन्हाळी वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला ती नसावी. पछुवाच्या पट्ट्यात ती घराच्या पूर्वेस हवी. विजेच्या तारांखाली किंवा रोहित्राजवळ गंज रचणे तर निव्वळ अविचार होय, कारण वाऱ्याने झुलणाऱ्या सैल तारा एकमेकींना घासून ठिणग्या पाडतात. जागा असल्यास एका मोठ्या गंजीऐवजी अंतर राखून दोन-तीन लहान गंजी रचाव्यात.

ओला चाराही पेटतो, हे अनेकांना पटत नाही. अवकाळी पावसात भिजलेला, 20 टक्क्यांहून अधिक ओलावा असलेला चारा दाबून रचल्यास सूक्ष्मजीवांच्या क्रियेने तो आतून तापू लागतो. गंजीतून कुबट, करपट वास येऊ लागल्यास लोखंडी सळई आत खोचून पंधरा-वीस मिनिटांनी बाहेर काढावी. ती हातात धरवत नसेल तर धोका जवळ आला आहे. अशी गंज पाण्याची सोय केल्याशिवाय उकलू नये. आत हवा शिरताच ती भडकू शकते.

भाववाढीच्या आशेने राहत्या घरात कापूस साठविण्याची पद्धत कापूसपट्ट्यात रूढ आहे. तिच्यामागील आर्थिक अडचण खरी आहे, म्हणून केवळ ‘साठवू नका’ असे सांगून विस्तार कार्यकर्त्याचे काम होत नाही. निदान कापसाच्या खोलीत चूल, देवघरातील दिवा, मोबाइलचा चार्जर किंवा जोड दिलेली वायर नसावी, आणि झोपण्याची जागा व बाहेरचे दार यांच्या मध्ये कापसाचा ढीग नसावा. कापसाची आग वरून विझल्यासारखी दिसली तरी आत धुमसते. ढीग बाहेर, मोकळ्या जागी नेऊन उकलावा, भिजवावा व काही दिवस त्यावर लक्ष ठेवावे.

फ्यूजच्या जागी जाड तार बांधणे गावोगावी दिसते. तार वितळत नाही, म्हणून वायर पेटते. एमसीबी बसविण्याचा खर्च एका बैलाच्या किमतीपुढे नगण्य आहे.

अग्निशमन वाहन बहुधा तालुक्याहून येते. 101 किंवा 112 क्रमांकावर लगेच कळवावेच, परंतु पहिली काही मिनिटे गावकऱ्यांच्याच हाती असतात. गोठ्याजवळ भरलेले पिंप, वाळूच्या बादल्या व भिजवायला गोणपाट उन्हाळाभर ठेवावेत. वीज असलेल्या ठिकाणी मुख्य बटण बंद केल्याशिवाय पाणी मारू नये. गोठ्यात अनेक जनावरे दगावतात ती बांधलेली असल्यामुळे. धुरात दाव्याची गाठ सुटत नाही. दाराशी, बाहेरच्या बाजूस, धारदार विळा टांगलेला असावा. दावी कापल्यावर जनावरे घाबरून ओळखीच्या गोठ्याकडेच परत धावण्याची शक्यता असते, म्हणून त्यांना हाकलून गोठ्याचे दार लगेच लावून घ्यावे.