एका लहानशा क्रियापदाचा व्याप

इंग्रजी शिकूं लागलेल्या मुलास जें क्रियापद पहिल्याच आठवड्यांत घोकावें लागतें, तेंच शेक्सपिअरच्या सर्वांत गाजलेल्या स्वगताच्या आरंभीं येऊन बसलें आहे. हें क्रियापद म्हणजे ‘बी’. कर्ता आणि विशेषण यांची गांठ मारून देणें, एवढेंच त्याचें काम, असें मुलांस सांगण्यांत येतें. ‘हॅम्लेट’ नाटकांत मात्र याच शब्दावर एका राजपुत्राच्या मनाचा सारा भार पडला आहे. आणि तो मराठींत आणूं जाणाऱ्यास अर्थाचा निर्णय केल्यावांचून पाऊल पुढें टाकतां येत नाहीं.

हें क्रियापद दिसतें एक, पण त्याच्या घरांत तीन कुळें नांदत आहेत. ‘ॲम’ आणि ‘इज’ हीं रूपें संस्कृतांतील ‘अस्’ धातूच्या नात्यांतलीं; ‘बी’ आणि ‘बीन’ हीं ‘भू’ धातूच्या; आणि ‘वॉज’ व ‘वेअर’ हीं ‘वस्’, म्हणजे राहणें, या धातूच्या. मराठीचा संसारही असाच संमिश्र आहे. वर्तमानकाळीं आपण ‘आहे’ म्हणतों. भूतकाळीं ‘होता’ म्हणतांना ‘भू’ धातूच्या वंशांतील रूप वापरतों. परंतु मराठीनें एक भेद विशेष जपला आहे. ‘मूल शांत आहे’ म्हणजे या घटकेस. ‘मूल शांत असतें’ म्हणजे तो त्याचा स्वभाव. इंग्रजींत दोन्ही ठिकाणीं ‘इज’च चालतें. शिवाय नकारासाठीं इंग्रजीस ‘नॉट’ हा निराळा शब्द जोडावा लागतो. मराठींत ‘नसणें’ हें स्वतंत्र क्रियापदच आहे. अशी वाटणी झालेली असल्यामुळें इंग्रजींतील या एका शब्दापुढें मराठी भाषांतरकारास पदोपदीं निवड करावी लागते.

‘हॅम्लेट’ मराठींत आणण्याचें काम गोपाळ गणेश आगरकर यांनीं केलें, आणि त्या दिवसांतील त्यांच्या चरित्राशीं कोल्हापूरचा निकट संबंध आहे. कोल्हापूर संस्थानचे कारभारी माधवराव बर्वे यांच्याविषयीं ‘केसरी’ व ‘मराठा’ या पत्रांत आलेल्या मजकुरावरून अब्रुनुकसानीचा खटला झाला, आणि १८८२ सालीं टिळक व आगरकर यांस मुंबईच्या डोंगरी तुरुंगांत १०१ दिवस काढावे लागले. पुढच्याच वर्षीं, १८८३ सालीं, आगरकरांचें भाषांतर ‘विकारविलसित’ या नांवानें प्रसिद्ध झालें. त्यांत हॅम्लेटचा चंद्रसेन झाला. आणि शाहूनगरवासी नाटक मंडळींतील गणपतराव जोशी यांनीं ती भूमिका करून चंद्रसेनास मराठी प्रेक्षकांच्या मनांत कायमचें स्थान मिळवून दिलें. याच आगरकरांनीं पुढें १८८८ सालीं ‘वाक्यमीमांसा’ हा व्याकरणविषयक ग्रंथ लिहिला. वाक्याच्या घडणीचा इतका बारकाईनें विचार करणाऱ्या पुरुषाच्या हातीं हें नाटक पडलें होतें, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

आतां मूळ नाटकाकडे वळूं. स्वगतांतील तें क्रियापद सर्वांस ठाऊक असतें. परंतु त्याच्या अगोदर आणि त्याच्या नंतरही तेंच क्रियापद दोन महत्त्वाच्या जागीं आलें आहे, इकडे सहसा लक्ष जात नाहीं. पहिली जागा पहिल्या अंकाच्या दुसऱ्या प्रवेशांत आहे. मरण सर्वांसच आहे, मग पित्याचें मरण तुलाच एवढें निराळें कां भासतें, असें राणी पुत्रास विचारते. तो ‘भासणें’ हाच शब्द पकडतो आणि झिडकारून देतो. काळीं वस्त्रें, सुस्कारे, अश्रू यांचें सोंग कोणासही आणतां येईल. माझें दुःख भासत नाहीं, तें आहे, असा त्याच्या उत्तराचा आशय. येथें ‘बी’ म्हणजे सत्य, आणि त्याच्या विरुद्ध बाजूस देखावा.

दुसरी जागा तिसऱ्या अंकांतील स्वगताची. येथें असण्याच्या समोर देखावा नाहीं, तर नसणें उभें आहे. तिसरी जागा अखेरच्या प्रवेशांत, द्वंद्वाच्या थोडी आधीं. मनांत शंका येत असेल तर हा सामना टाळूं, असें मित्र होरेशिओ सुचवितो. हॅम्लेट नाकारतो, चिमणीचें पडणेंही ईश्वरी योजनेबाहेर नाहीं, मनाची सिद्धता हेंच सर्वस्व, असें म्हणतो आणि याच क्रियापदाचें आज्ञार्थी रूप उच्चारून बोलणें संपवितो. हे दोन शब्द १६०४-०५ च्या छापील प्रतींत आहेत. १६२३ च्या संग्रहांत ते नाहींत. ज्या मनानें असण्याविषयीं प्रश्न केला, त्याच मनानें शेवटीं असण्यास संमति दिली, असा हा प्रवास आहे.

मराठी रंगभूमीच्या कानांत मात्र स्वगताचा आरंभ जगण्यामरण्याच्या जोडीनें रुळला आहे. वि. वा. शिरवाडकर यांचें ‘नटसम्राट’ १९७० सालीं रंगभूमीवर आलें, आणि त्यांतील वृद्ध नट आप्पासाहेब बेलवलकर यांच्या तोंडीं घातलेल्या स्वगतानें ही जोडी घरोघरीं पोंचविली. या निवडीस चूक म्हणतां येणार नाहीं. ‘असणें’ आणि ‘नसणें’ हे शब्द मराठी कानास वेदान्ताच्या चर्चेंतले वाटतात. ‘जगणें’ या शब्दांत देह आहे, श्वास आहे, नटाच्या कंठास आधार आहे. मूळ स्वगतही पुढें मृत्यु, निद्रा आणि स्वप्न यांकडेच वळतें. तथापि या लाभाची किंमत द्यावी लागते. प्रश्न प्राण ठेवण्याचा कीं टाकण्याचा, एवढाच उरतो. आणि पहिल्या अंकापासून शेवटच्या अंकापर्यंत जाणारा धागा मध्येंच तुटतो. ‘माझें दुःख खरोखर आहे’ असें म्हणणाराच ‘मीं असावें काय’ असें विचारीत आहे, हें नातें ‘जगण्या’मुळें दिसेनासें होतें.

गंमत अशी कीं, तिसऱ्या जागीं मराठी इंग्रजीच्या बरोबरीनें उभी राहते. हॅम्लेटच्या त्या दोन शब्दांस मराठींत एकच शब्द पुरेसा आहे: ‘असो’. कीर्तनकार आख्यानांत, निबंधकार लेखांत आणि वडील मंडळी पत्रांत दुःखाची हकीकत सांगून झाली कीं हा शब्द घालून पुढें जात आलीं आहेत. तो ‘असणें’ याच क्रियापदाचा. त्यांत तक्रार सोडून देणें आहे, आणि जें आहे त्यास जागा करून देणेंही आहे. पहिल्या दोन जागीं ‘असणें’ राखणाऱ्या भाषांतरकारास तिसरी जागा आपल्याच बोलींत तयार सांपडेल.

म्हणून मोठ्या ग्रंथाचें भाषांतर वाचतांना भारदस्त शब्दांपेक्षां अशा लहानशा क्रियापदावर नजर ठेवावी. तें कोठें पहिलें भेटलें आणि कोठें बदललें, एवढें पाहिलें तरी भाषांतरकारानें काय मिळविलें आणि काय सोडलें, याचा हिशेब वाचकास घरबसल्या मांडतां येतो.