खटका आणि खिसा

मुंबई-गोवा महामार्गावर पनवेल मागं पडलं की दहा-बारा किलोमीटरवर कर्नाळ्याचा सुळका दिसू लागतो, अंगठा वर करून दाखवावा तसा. त्याच्या पायथ्याच्या वाड्यांतून रानात निघालेल्या ठाकर-कातकरी माणसाच्या कमरेला कोयता असतो. तो कोणी लपवत नाही आणि पाहून कोणी दचकतही नाही. त्याच रस्त्यावरच्या टपरीवर एखाद्यानं खिशातून घडीचा चाकू काढून खट्‌कन उघडला, तर चार माणसं चहाचा पेला टाकून मागं सरकतील. कोयत्याचं पातं कितीतरी मोठं, पण दरारा चाकूचा. ही शिकवणी सिनेमाची.

मराठी म्हणींना सुरी ठाऊक आहे. सोन्याची झाली म्हणून ती कोणी उरी मारून घेत नाही, एवढं शहाणपणही त्यांनी सांगून ठेवलं आहे. चाकू हा पाहुणा; शब्द फारसीतून आला आणि त्याची दहशत उत्तर प्रदेशातल्या रामपूरहून, व्हाया मुंबईचे स्टुडिओ. कोल्हापुरी म्हटलं की चप्पल, पैठणी म्हटलं की लुगडं, तसं रामपुरी म्हटलं की चाकू. गावाच्या नावाचं विशेषण व्हावं आणि ते असं व्हावं, हे रामपूरचं नशीब.

रामपुरीचा अभिनय आवाजाचा आहे. तो बंद असतो तोवर मुठीत मावणारी एक वस्तू. खटका बसला की दृश्याचा सूर बदलतो. पार्श्वसंगीत थांबतं, समोरचा अर्धं पाऊल मागं घेतो. दिग्दर्शकाला याहून स्वस्तात तणाव विकत मिळत नाही. यश चोप्रांच्या ‘वक़्त’मध्ये (1965) मदन पुरी चाकू काढतो, राजकुमार तो शांतपणे हिसकावून घेतो आणि ही मुलांच्या खेळायची वस्तू नव्हे, हात कापला तर रक्त येतं, असं ऐकवतो. रक्ताचा थेंब न सांडता चाकू इतका गाजल्याचं दुसरं उदाहरण हिंदी पडद्यावर सापडणं कठीण. संवाद अख़्तर-उल-ईमान यांचे. पण त्या वाक्याची धार राजकुमारच्या संथ उच्चारात आहे.

या साऱ्या खटक्यांमध्ये खरा अभ्यासण्याजोगा चाकू मात्र एका बंद खोलीतला. सिडनी लूमेटच्या ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’चा (1957) हिंदी अवतार बासू चॅटर्जींनी ‘एक रुका हुआ फ़ैसला’ या नावानं 1986 मध्ये केला. खुनाच्या आरोपातल्या मुलाचं म्हणणं असतं की, त्याचा चाकू खिशाला पडलेल्या भोकातून कुठंतरी गळून पडला. असा नक्षीदार चाकू दुसरा नाही, यावर ज्यूरीतले बाकीचे पंच ठाम असतात. तेवढ्यात एकटा पडलेला पंच आपल्या खिशातून हुबेहूब तसाच चाकू काढून टेबलावर ठेवतो. हिंदीत ही भूमिका के. के. रैना यांची. पडद्यावर आयुष्यभर धमकीचं काम केलेली वस्तू इथं शंकेचं काम करते! पुढं तर झोपडपट्टीत वाढलेला एक पंच दाखवून देतो, की खटक्याचा चाकू सराईत हात खालून वर चालवतो, वरून खाली नाही. एका मनगटाच्या वळणावर खटल्याची दिशा फिरते. गंमत म्हणजे, अमेरिकेनं अशा चाकूंच्या आंतरराज्य व्यापारावर कायद्यानं बंदी घातली ती मूळ इंग्रजी चित्रपट आल्याच्या पुढच्याच वर्षी, 1958 मध्ये.

मराठी मनाला लपवलेल्या हत्याराचं वावडं नाही. प्रतापगडाखाली 10 नोव्हेंबर 1659 रोजी जे घडलं, त्यातली मुठीतली वाघनखं प्रत्येक शाळकरी पोराला पाठ असतात. ‘शेर शिवराज’नं (2022) तोच प्रसंग पुन्हा रंगवला. पण तिथं हत्यार शहाणपणाचं. गुंडाच्या खिशातल्या चाकूला ते भाग्य नाही. राम गोपाल वर्माच्या ‘सत्या’त (1998) शेवटचा वार गणेश विसर्जनाच्या गर्दीत होतो. पिस्तुलांनी भरलेल्या चित्रपटात हिशोब चुकता करायला पुन्हा पातंच लागतं, कारण त्यासाठी जवळ जावं लागतं. आणि ‘सैराट’मध्ये (2016) नागराज मंजुळे खुनाच्या क्षणी हत्यार आणि आवाज दोन्ही काढून घेतात, उरतात रक्तात भिजलेली इवली पावलं. खटक्याच्या पन्नास वर्षांच्या करमणुकीला मराठीनं दिलेलं हे सर्वांत कठोर उत्तर.

उत्तर प्रदेश सरकारनं नव्वदच्या दशकात साडेचार इंचांहून लांब पात्यांवर बंदी आणली आणि रामपूरचे कारागीर पांगले. 2023 मध्ये त्याच शहरानं एका चौकात सुमारे वीस फुटांचा चाकू उभारला. बदनामीचं स्मारक करायला धाडस लागतं.

सज्जन चाकूचं घराणं वेगळं. कार्ल एल्सनरचा स्विस चाकू ‘मॅक्गायव्हर’ या दूरचित्रवाणी मालिकेच्या नायकाच्या हाती सोडवणुकीचं साधन झाला. डॅनी बॉइलच्या ‘127 अवर्स’मध्ये (2010) नायक दगडाखाली अडकलेला स्वतःचा हात कापतो तो मात्र एका स्वस्तातल्या, बोथट पात्यानं. गिर्यारोहकांच्या पाठपिशवीत असा चाकू आजही असतो, आणि तो बहुतेकदा काकडी कापतो.

पनवेल तालुक्यातल्या नव्या विमानतळावरून सुट्टीला निघणार असाल, तर असा चाकू खिशात ठेवू नका; सामानात जमा करायच्या बॅगेत टाका.