डोंबिवलीचे अंक

मुंबईपासून सुमारें तीस मैलांवर, पूर्वीच्या ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेवर 'डेम्लो' नांवाचें एक स्टेशन होतें. तेंच आजचें डोंबिवली. जुनें नांव लोक विसरले, पण गणिताच्या ग्रंथांत तें अद्याप टिकून आहे. तें तेथें कसें जाऊन बसलें, हें आमच्या वाचकांस सांगावें असें वाटतें.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ सालीं डहाणूस झाला. शालेय शिक्षण ठाण्यास व पुढील पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजांत झालें. १९३० पासून १९६२ पर्यंत त्यांनीं देवळालीस शाळामास्तरकी केली. अंकांचें त्यांस विलक्षण वेड होतें. डेम्लो स्टेशनांत त्यांच्या मनांत एका जातीच्या संख्यांचा विचार आला, आणि त्या संख्यांस त्यांनीं स्टेशनाचेंच नांव देऊन टाकिलें! त्यांतील सर्वांत देखण्या अशा: ११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१, ११११ चा १२३४३२१. 'चिमा काय कामाची' हें वाक्य जसें उलट वाचलें तरी तेंच (पंतोजींनीं ऱ्हस्वदीर्घाकडे कानाडोळा करावा), तशाच या संख्या. नऊ एकांपर्यंत ही शोभा टिकते. दहा एकांचा वर्ग केला कीं हातचे येतात व मोड होतो.

त्यांचा सर्वांत प्रसिद्ध शोध १९४९ चा. कोणतीही चार आंकडी संख्या घ्या. मात्र चारी आंकडे एकच नसावेत. आंकडे उतरत्या क्रमानें मांडा, त्यांतून चढत्या क्रमाची संख्या वजा करा, व बाकीवर पुन्हां तेंच करा. मुंबईहून ठाण्यास पहिली आगगाडी आली तें १८५३ सालच घेऊं. ८५३१ मधून १३५८ गेले, बाकी ७१७३. ७७३१ मधून १३७७ गेले, ६३५४. ६५४३ मधून ३४५६ गेले, ३०८७. ८७३० मधून ०३७८ गेले, ८३५२. ८५३२ मधून २३५८ गेले, ६१७४. आतां ७६४१ मधून १४६७ वजा करा; पुन्हां ६१७४च! कोठूनही निघा, फार तर सात पायऱ्यांत याच मुक्कामीं पोहोंचाल.

यांत जादू नाहीं. बाकी किती येणार हें केवळ दोन अंतरांवर ठरतें: सर्वांत मोठा व सर्वांत लहान आंकडा यांतील अंतर, आणि मधल्या दोन आंकड्यांतील अंतर. पहिल्यास ९९९ नें व दुसऱ्यास ९० नें गुणून बेरीज केली कीं बाकी मिळते. अशा अंतरांच्या जोड्या अवघ्या ५४ आहेत. म्हणजे हजारों संख्या पहिल्याच वजाबाकींत ५४ वाटांवर येतात, आणि त्या सर्व वाटा चिकाटीचा विद्यार्थी एका दुपारीं तपासून पाहूं शकेल.

'याचा उपयोग काय?' असें पालक विचारतील. बाजारांत म्हणाल तर कांहीं नाहीं. तत्कालीन पंडितांसही हें काम क्षुल्लक वाटलें. मास्तरांनीं आपले पुष्कळसें लेखन साध्या मासिकांतून किंवा स्वतःच छापून प्रसिद्ध केलें. १९७५ सालीं अमेरिकेंत मार्टिन गार्डनर यांनीं 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकांत त्यांच्यावर लिहिलें, तेव्हां कोठें जगाचें लक्ष इकडे वळलें. तोंवर मास्तर सत्तरीस पोहोंचले होते. ज्या घरांत एखादा मुलगा किंवा मुलगी वहीच्या मागच्या पानांवर असे आंकडे खरडीत असेल, तेथें ती वही रद्दींत घालण्यापूर्वीं एकदां चाळून पाहावी, एवढी आमची विनंति.

तीन आंकडी संख्येवर हाच प्रयोग केला तर ४९५ येतात. पांच आंकडी संख्येचें काय होतें तें मात्र आम्ही सांगत नाहीं, पाटी घ्या.