जुन्या धर्तीच्या गिटार ॲम्प्लिफायरसाठी बदली स्पीकरची निवड

निर्वात नलिकांवर चालणाऱ्या गिटार ॲम्प्लिफायरमध्ये स्पीकर हा वाद्याच्या स्वरगुणाचाच घटक असतो. म्हणून बदली स्पीकर निवडताना तीन बाबी क्रमाने तपासणे आवश्यक ठरते.

पहिली बाब संरोध, म्हणजे प्रत्यावर्ती प्रवाहाला होणारा एकूण विरोध. १९६३ साली आलेल्या फेंडर डिलक्स रिव्हर्बमध्ये १२ इंची, ८ ओहमचा एकच स्पीकर असतो. संरोध फार विषम असल्यास आउटपुट ट्रान्सफॉर्मर व नलिका यांवर ताण येतो.

दुसरी शक्तिक्षमता. हा ॲम्प्लिफायर सुमारे २२ वॅटचा असला, तरी आवाज फाटेपर्यंत वाढविल्यास त्याहून अधिक शक्ती देतो. त्यामुळे २५ वॅटचा स्पीकर अपुरा पडू शकतो.

तिसरी संवेदनशीलता. ती ३ डेसिबलने वाढणे म्हणजे शक्ती दुप्पट होण्यासारखेच होय.

काढलेला मूळ स्पीकर मात्र जपावा. शंकू व कॉइल बदलून तो बहुधा पुन्हा वापरता येतो.