एकहाती हलती चित्रे : वर्ध्याच्या अंगाने एक आढावा

संगणकाच्या साहाय्याने चित्रे, अक्षरे आणि आकृत्या हलत्या करण्याचे काम आज मुख्यतः दोन नावांनी ओळखले जाते. सपाट आकृत्या, अक्षरे, नकाशे व आलेख यांना गती देऊन आशय मांडणाऱ्या प्रकाराला मोशन ग्राफिक्स म्हणतात. तर वस्तूंना लांबी-रुंदीबरोबर खोलीही देऊन, त्या कल्पित अवकाशात मांडून, त्यांवर कल्पित प्रकाश टाकून आणि कल्पित कॅमेऱ्याने त्यांचे चित्रण करून जे घडते ते त्रिमित अ‍ॅनिमेशन. या दोहोंचा मोठा व्यवहार जाहिराती, दूरचित्रवाहिन्या, चित्रपट आणि संगणकीय खेळ यांच्या आधाराने चालतो, आणि तेथे एकाने आकार घडवायचा, दुसऱ्याने त्याला रंगपोत द्यायचा, तिसऱ्याने तो हलवायचा व चौथ्याने प्रकाशयोजना करायची अशी कामाची विभागणी असते. ही सगळी कामे एकाच व्यक्तीने, कोणाची मागणी नसताना, स्वतःच्या वेळात आणि पदरमोड करून केली म्हणजे तो व्यक्तिगत प्रकल्प होतो. अशा कामाकडे नोकरीसाठी दाखवायचा नमुना म्हणून पाहण्याची रीत पडली आहे. ती अपुरी आहे. हातउद्योग, त्यांची हत्यारे आणि त्या हत्यारांची मालकी यांचा विचार ज्या जिल्ह्यात जवळजवळ शतकभर होत आला, त्या वर्धा जिल्ह्याच्या अंगाने पाहिले, तर या कामाचे मोल निराळ्या मापाने ठरवावे लागते.

भारतीय चित्रपटाचा उगमच एका व्यक्तिगत प्रकल्पात आहे, ही गोष्ट इतिहासलेखनात सहसा ओझरती सांगितली जाते. १९१२ साली धुंडिराज गोविंद फाळके यांनी कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरून, त्याच्या रोपाची महिनाभराहून अधिक काळ एकेक चौकट टिपून ‘अंकुराची वाढ’ हा चिमुकला चित्रपट केला आणि तो दाखवून ‘राजा हरिश्चंद्र’साठी भांडवल उभे केले. निर्जीव किंवा संथ वस्तूची चौकटीमागून चौकट टिपून तिला पडद्यावर गती देणे हे अ‍ॅनिमेशनचे मूलतत्त्व त्यात होतेच. १९१५च्या ‘आगकाड्यांची मौज’मध्ये तर त्यांनी काड्यापेटीतल्या काड्याच हलवून दाखवल्या. पुढे प्रभात कंपनीने १९३४ साली ‘जंबू काका’ हे व्यंगचित्रपटाचे धाडस करून पाहिले. १९५६ साली फिल्म्स डिव्हिजनच्या मुंबईतील व्यंगचित्रपट विभागात डिस्नेचे क्लेअर वीक्स प्रशिक्षणासाठी आले, त्यांच्या हाताखाली राम मोहन यांच्यासारखे कलावंत तयार झाले, आणि हे काम संस्थेचे, म्हणजे पगारी व अनेकहाती झाले. त्यामुळे दर्जा आला, सातत्य आले. पण विषय कोणता असावा हे ठरवण्याचा अधिकार चित्र काढणाऱ्याकडे उरला नाही.

तो अधिकार परत मिळवण्याचे ठळक उदाहरण म्हणजे गीतांजली राव यांचा ‘प्रिंटेड रेनबो’. मुंबईच्या सर ज. जी. उपयोजित कला संस्थेत शिकलेल्या राव यांनी हा पंधरा मिनिटांचा चित्रपट सुमारे तीन वर्षे खपून जवळजवळ एकटीने रेखाटला, आणि २००६ साली कान महोत्सवाच्या समीक्षक सप्ताहात त्याला पारितोषिके मिळाली. एकाकी वृद्धा, तिचे मांजर आणि काड्यापेट्यांवरील चित्रांत ती शोधत असलेले जग एवढाच त्याचा विषय आहे. कोणत्याही जाहिरातदाराने तो मागवला नसता. काड्यापेटी येथेही आली, हा योगायोग फाळक्यांना आवडला असता.

वर्धा जिल्ह्यापुरते बोलायचे, तर व्यक्तिगत दृश्यप्रकल्पाचे सर्वांत मोठे उदाहरण हलत्या चित्रांचे नाही, स्थिर छायाचित्रांचे आहे. गांधींचे पुतणनातू कनु गांधी सेवाग्राम आश्रमात लेखनिकाचे काम करीत असताना छायाचित्रणाकडे ओढले गेले. घनश्यामदास बिर्ला यांनी दिलेल्या शंभर रुपयांतून रोलीफ्लेक्स कॅमेरा आला, आणि गांधींनी तीन अटींवर परवानगी दिली : फ्लॅश वापरायचा नाही, छायाचित्रासाठी बसायला सांगायचे नाही, आणि या छंदासाठी आश्रमाचा पैसा मिळणार नाही. १९३८पासून १९४८पर्यंत या अटींत राहून कनु गांधींनी जे टिपले, ते आज सेवाग्रामच्या दैनंदिन जीवनाचे आतून घेतलेले दुर्मीळ चित्रण आहे. तिन्ही अटींचा परिणाम कामाच्या घडणीवर झाला : उजेड जागेचाच, हालचाल माणसाच्या स्वभावातली, आणि खर्च करणाऱ्याचाच. सेवाग्रामचे त्रिमित पुनर्निर्माण करू पाहणाऱ्या आजच्या कलावंताला ही छायाचित्रे संदर्भ म्हणून लागतातच. शिवाय त्या अटीही त्याला बऱ्याच अंशी जशाच्या तशा लागू पडतात. सिनेमाविषयी गांधींना मुळीच आस्था नव्हती, हे लक्षात घेता हा वारसा काहीसा मिश्किलच म्हणावा लागेल.

यंत्राविषयीची गांधींची भूमिका मात्र समजली जाते तितकी सरळ नव्हती. सिंगरच्या शिवणयंत्राचे त्यांनी कौतुक केले होते, आणि १९२९ साली अखिल भारत चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले होते. त्या बक्षिसाच्या अटी आजच्या संगणकीय कारागिरानेही वाचण्यासारख्या आहेत : यंत्र खेड्यातल्या घरात हातापायांनी चालावे, त्याची किंमत दीडशे रुपयांपेक्षा अधिक नसावी, आणि वेळोवेळी दुरुस्ती करून ते वीस वर्षे टिकावे. बक्षीस कोणालाच मिळाले नाही. पण हत्यार वापरणाऱ्याच्या मालकीचे असावे, त्याला दुरुस्त करता यावे आणि त्याच्या ऐपतीत बसावे, हे निकष कायम राहिले. वर्ध्याच्या मगनवाडीत ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधींच्या हस्ते उघडलेल्या मगन संग्रहालयात निरनिराळ्या घडणीचे चरखे पाहताना या निकषांचाच इतिहास समोर येतो.

या निकषांच्या उलट, व्यावसायिक अ‍ॅनिमेशनची बहुतेक साधने आज मासिक किंवा वार्षिक वर्गणीवर मिळतात. वर्गणी थांबली की साधन बंद पडते, आणि त्यात घडवलेली फाइल उघडणेही दुरापास्त होते. याला मोठा अपवाद ब्लेंडर या सॉफ्टवेअरचा आहे. नेदरलँड्सच्या टोन रोसेंडाल यांनी घडवलेले हे साधन त्यांची कंपनी बुडाल्यावर नाहीसे होण्याच्या बेतात होते. तेव्हा २००२ साली वापरणाऱ्यांनीच वर्गणी काढून एक लाख युरो जमवले, धनकोंकडून त्याचे हक्क सोडवून घेतले आणि ते मुक्त परवान्याखाली सर्वांना खुले केले. आकार घडवणे, त्याला सांगाडा बसवणे, हलवणे, प्रकाश देणे आणि अंतिम चित्र काढणे ही सगळी कामे त्यात होतात. लॅटव्हियाचे गिंट्स झिल्बालोडिस यांनी आधी ‘अवे’ हा पूर्ण लांबीचा चित्रपट एकट्याने केला, आणि नंतर लहान चमूसह ब्लेंडरमध्ये केलेल्या त्यांच्या ‘फ्लो’ला २०२५ साली ऑस्कर मिळाले. साधन फुकट मिळते ही गोष्ट येथे दुय्यम आहे; ते काढून घेता येत नाही, ही मुख्य.

साधन हाती आल्यावर कामाची खरी परीक्षा निरीक्षणात होते, आणि त्यासाठी चरख्याहून चांगला विषय शोधूनही सापडणार नाही. बोधचिन्हांत आणि सरकारी चित्रफितींत दिसणारा चरखा बहुधा नुसता गरगर फिरत राहतो. तसे सूत कोणीही कातत नाही. कातणारी व्यक्ती उजव्या हाताने चाक फिरवते आणि डाव्या हातातला पेळू (पिंजलेल्या कापसाची वळी) हळूहळू मागे नेते; चातीच्या (सूत ज्यावर गुंडाळले जाते त्या टोकदार सळईच्या) टोकाशी पीळ बसत सूत हातभर लांब होते; मग चाक किंचित उलटे फिरवून टोकावरचे वेढे सोडवले जातात, हाताचा कोन बदलतो आणि चाक पुन्हा सुलटे फिरून काढलेले सूत चातीवर गुंडाळले जाते. कातणे, थांबणे, उलटणे, गुंडाळणे असा हा चार टप्प्यांचा ठेका आहे. अ‍ॅनिमेशनमध्ये हालचालीच्या मोक्याच्या क्षणी वस्तूची स्थिती नोंदवून ठेवतात, त्या नोंदीला कीफ्रेम म्हणतात, आणि दोन नोंदींच्या मधल्या चौकटी संगणक भरतो. पण कोणता क्षण मोक्याचा, हे संगणकाला कळत नाही. वरील ठेक्यात उलट फेऱ्याची कीफ्रेम राहून गेली, तर चित्र कितीही देखणे असले तरी कातणाऱ्याला ते खोटे वाटते.

चाक आणि चाती यांचा संबंध गणिती आहे. माळेने जोडलेल्या चाकांच्या व्यासांच्या प्रमाणात चातीचे फेरे वाढतात, आणि हे प्रमाण सूत्ररूपाने एकदा लिहून ठेवले की चाक हलवल्याबरोबर चाती आपोआप फिरते. सॉफ्टवेअरच्या भाषेत अशा सूत्राला ड्रायव्हर म्हणतात. येथे एक गमतीदार अडचण येते. चाकाच्या एका फेऱ्याला चातीचे बहात्तर फेरे होतात आणि चाक सेकंदाला एकदा फिरते असे धरले, तर सेकंदाला चोवीस चौकटींच्या चित्रपटात दर चौकटीला चातीचे बरोबर तीन फेरे पूर्ण होतात, आणि चातीवर खूण केलेली असली तरी ती जागच्या जागी उभी दिसते. उपाय म्हणून प्रत्येक चौकटीत हालचालीची पुसट छाया उमटवतात, तिला मोशन ब्लर म्हणतात.

सेवाग्राममधील गांधींच्या निवासाची, म्हणजे बापू कुटीसारखी वास्तू घडवताना अडचण उलट स्वरूपाची असते. सेवाग्रामच्या झोपड्या उभारताना खर्च अगदी कमी राहावा आणि सामान आसपासचेच असावे अशी अट होती. त्यामुळे तेथे माती, बांबू आणि कवेलू (कौले) आहेत, आणि भिंतींवर गांधींच्या शिष्या मीराबेन यांनी मातीतच काढलेली उठावचित्रे आहेत. संगणक आपणहून सरळ रेषा आणि काटकोन देतो, म्हणून नवशिक्याची कुटी सिमेंटची वाटते. भिंतीच्या कडा हाताने ढिल्या कराव्या लागतात. एकच कवेलू नीट घडवून त्याच्या शेकडो प्रती पसरवायच्या आणि प्रत्येकीचा कोन, रंग व सरकलेपणा थोडाथोडा बदलायचा, म्हणजे छप्पर पावसाळे पाहिलेले दिसते.

सगळे घडवून झाल्यावर प्रत्येक चौकटीचे अंतिम चित्र संगणकाकडून मोजून घ्यावे लागते. या क्रियेला रेंडर म्हणतात, आणि एकट्या कलावंताची खरी अडवणूक येथे होते. दोन मिनिटांच्या चित्रपटात २,८८० चौकटी असतात. एकेका चौकटीला तीन मिनिटे लागली, तर संगणक १४४ तास, म्हणजे सलग सहा दिवस, राबतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असताना आणि वीज जाण्याची टांगती तलवार असताना विदर्भात हे काम हिवाळ्यात किंवा निदान रात्री ठेवणे शहाणपणाचे. चित्रपट एकसंध फाइल म्हणून न काढता चौकटी सुट्या चित्रांच्या रूपात साठवाव्यात, म्हणजे चौदाशेव्या चौकटीला वीज गेली तरी पुढची सुरुवात चौदाशेपासूनच होते. प्रकाशाचे अचूक गणित न करता झटपट अदमास घेणारी रीत निवडली, तर हेच काम तासांवर येते. ‘फ्लो’मध्येही तीच वापरली गेली.

मोशन ग्राफिक्सकडे वळले की प्रश्न लिपीचा होतो, आणि याबाबत मराठी कलावंतांनी जितकी तक्रार करायला हवी तितकी केलेली नाही. रोमन अक्षरे सुटी असतात, म्हणून एकेक अक्षर उडवत आणणाऱ्या तयार क्लृप्त्या त्यांना चालतात. देवनागरीला त्या लावल्या की शिरोरेषा तुटते, जोडाक्षरे फाटतात आणि वेलांटी भलत्याच व्यंजनाजवळ जाऊन बसते. ब्लेंडरच्या त्रिमित मजकुरातही ऱ्हस्व वेलांटी व्यंजनानंतर पडण्याचा दोष बराच काळ राहिला आहे. म्हणून मजकूर आधी इंकस्केपसारख्या साधनात शुद्ध लिहून, त्याच्या आकृतिरेषा करून, मग आत आणण्याचा लांबचा रस्ता घ्यावा लागतो. पण दोष दूर झाला तरी मूळ मुद्दा राहतोच. रोमन अक्षर खालच्या रेषेवर उभे असते, देवनागरी अक्षर वरच्या रेषेला लटकते. खालून उगवणारी हालचाल त्याला शोभत नाही. हाताने लिहिताना शिरोरेषा शब्द पुरा झाल्यावर ओढतात, तोच क्रम पडद्यावर ठेवला तर अक्षरे सैल येऊन शेवटी एका फटकाऱ्यात बांधली जातात. वर्ध्याजवळ गोपुरीत १९८० साली झालेले गीताई मंदिर या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. त्याला छप्पर नाही; विनोबांच्या ‘गीताई’चे अठराही अध्याय शिळांवर कोरून त्या उघड्यावर उभ्या केल्या आहेत, आणि वरून पाहिले असता त्यांच्या मांडणीत गाय आणि चरखा यांच्या आकृती दिसतात. शिळेजवळून निघालेला कॅमेरा उंच जात जात अक्षरातून आकृतीत पोचतो, ही हालचाल त्या वास्तूच्या आराखड्यातच दडलेली आहे.

महाराष्ट्र शासनाने २०२५ साली अ‍ॅनिमेशन, दृश्यपरिणाम आणि संगणकीय खेळ यांच्यासाठी स्वतंत्र धोरण मंजूर केले. त्याचा भर उद्योग, गुंतवणूक आणि रोजगार यांवर असणे स्वाभाविक आहे. मात्र त्यातून पुलगाव किंवा आर्वीच्या खोलीत बसून काम करणाऱ्या एकट्याला विषय मिळणार नाही. त्यासाठी जिल्ह्याच्याच जुन्या शिक्षणविचाराकडे वळावे लागते. १९३७च्या वर्धा शिक्षण परिषदेतून निघालेल्या नई तालीमने हस्तव्यवसाय हे शिकण्याचे साधन मानले होते, आणि कलाशिक्षक देवीप्रसाद यांनी सेवाग्राममध्ये चित्रकला व कुंभारकाम त्याच भावनेने शिकवले. चरखा मापून घडवणारा विद्यार्थी त्रिज्या, वेग, कापूस आणि इतिहास एकदमच शिकतो, हे त्या पद्धतीच्या पुरस्कर्त्यांना वेगळे समजावून सांगावे लागले नसते.

जिल्ह्यात विषयांची वानवा नाही. पुलगाव ते आर्वी ही सुमारे पस्तीस किलोमीटरची अरुंद रेल्वे १९१७ साली सुरू झाली आणि आता बंद आहे. जुन्या पिढीच्या बोलण्यात ती अजून धावते. तिचे पुनर्निर्माण एकट्याच्या आवाक्यातले आहे, कारण एक माप पक्के आहे : दोन रुळांमधले अडीच फुटांचे अंतर. जुन्या छायाचित्रात रूळ दिसत असतील, तर त्या अंतरावरून कॅमेऱ्याची जागा, डब्याची उंची, फलाटाची कड आणि सिग्नलचा खांब यांची मापे बरीचशी काढता येतात. पस्तीस किलोमीटर सगळे घडवण्याची गरज नाही. एक स्थानक, एक इंजिन, दोन डबे आणि रुळांच्या कडेची कपाशी एवढे पुरे, आणि नोकरी सांभाळून रोज संध्याकाळी बसणाऱ्याला ते वर्षभरात उरकते.