डायलिसिस : उरलेले १५६ तास

हिमोडायलिसिस सामान्यतः आठवड्यातून ३ वेळा, प्रत्येकी ४ तास केले जाते. म्हणजे १६८ पैकी १२ तास यंत्राचे. उरलेले १५६ तास रुग्णाच्या जाणतेपणावर अवलंबून असतात. आजारपणात शहाळ्याचे पाणी द्यावे, असा आपल्याकडचा समज. परंतु त्यातील पोटॅशियम या रुग्णांच्या रक्तात साचून हृदयाचे ठोके बिघडू शकतात, प्रसंगी जिवावर बेतते. दोन डायलिसिसांच्या दरम्यान झपाट्याने वाढणारे वजन म्हणजे मुख्यतः साठलेले पाणी. ते एकदम काढताना रक्तदाब घसरतो, पायांत गोळे येतात, उरलेला दिवस थकव्यात जातो. त्यामुळे रोज वजन करावे, मीठ मोजून घ्यावे आणि दिवसाला पाणी किती, हे डॉक्टरांना निःसंकोच विचारावे. पथ्यामागचे कारण उमगले, की ते पाळणे सुसह्य होते.